रोहीसाठी बारा बोअर, .315 की .30-06?

बोदवडकर
मंडळी, सव्वानऊ एकर रान आहे. एका विहिरीच्या जिवावर रब्बीला हरभरा आणि मका काढतो. यंदा हरभरा घाट्यावर आला आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप मुक्कामालाच आला. सात आहेत, त्यातले दोन नर निळसर काळे, घोड्याएवढे. खातात कमी, तुडवतात जास्त. मोठा नर तर रोज बांधाच्या एकाच कोपऱ्यात लेंड्यांचा ढीग घालतो, जसं काही सातबाऱ्यावर त्याचंच नाव चढलंय. साड्या बांधल्या, फटाके फोडले, झटका मशीन लावलं. तारेला एकदा नाक लागलं की दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या बाजूनं येतात.

वडलांची दुनाळी बारा बोअर रीतसर माझ्या नावावर झाली आहे. 2015 च्या शासन निर्णयाप्रमाणे वनक्षेत्रपालांकडे अर्जही टाकलाय. आता प्रश्न असा की दुनाळीनं रोही पडतो का? की रायफलच्या लायसनला अर्ज करू? गावातली पोरं अमेरिकेतले व्हिडिओ बघून सांगतात, तिकडे अँटिलोपला .243 बोअरची (नळीच्या मापाची) रायफल पुरते. माझं मत .30-06 चं. एकदाच घ्यायची तर दमदार घ्यावी.

निवृत्त सुभेदार
पोरांना सांगा, तिकडचं ते जनावर प्राँगहॉर्न. पन्नास किलोच्या आसपासचं, आणि मोकळ्या माळावर दोन-अडीचशे मीटरवरून मारायचं. त्याला .243, .270 असली हलकी आणि वेगवान गोळी बरोबर, कारण लांबवर ती फार खाली पडत नाही. आपल्याकडे त्या अंगाचं जनावर म्हणजे काळवीट, आणि ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे पूर्ण संरक्षित. त्याचा विषयच काढू नका.

रोहीचा नर दोनशे-अडीचशे किलोचा. मानेची आणि खांद्याची कातडी जाड. टेक्सासात किंग रँचवर गेल्या शतकात आपलेच रोही नेऊन सोडले, आता ते तिथे हजारोंनी झालेत. तिथले शिकारी रोहीला जाताना .300 मॅग्नम किंवा .375 काढतात. त्याच लोकांना .243 प्राँगहॉर्नला पुरते! जनावर बदललं की काडतूस बदलतं, एवढं पोरांच्या डोक्यात घाला.

आता तुमची दुनाळी. एलजी म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस, त्यात छर्रे सहा-सात. तीस मीटरपर्यंत ते एकत्र जातात, पुढे फाकतात. चाळीस-पन्नास मीटरवरच्या रोहीला त्यातले दोन लागतील, एक पोटात, एक मांडीत. जनावर पडणार नाही, पळेल. जाड कातडीमुळे रक्तही फार सांडत नाही, माग लागत नाही. चार दिवसांनी कुणाच्या तरी उसात वास सुटेल. एलजीनं रोहीवर बार काढणं मला मान्य नाही.

रायफलीत .315 घ्या. इशापूरच्या कारखान्याची साधी बोल्ट रायफल, गोळी 244 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), बोथट आणि संथ. शंभर मीटरच्या आत रोहीच्या खांद्यामागे लागली तर काम होतं. .30-06 ची 180 ग्रेनची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वर जाते. ताकद भरपूर, पण तुम्हाला मारायचंय साठ मीटरवर.

रावेरचा केळीवाला
सुभेदार साहेबांचा मान राखून सांगतो, .315 म्हणजे गावोगावच्या सावकाराची खुंटीवरची शोभा. जुनी काडतुसं, ओलावा धरलेली, दहातली दोन फुसकी. माझ्या काकांची होती म्हणून सांगतोय. नर जर खांदा फिरवून तिरका उभा राहिला तर संथ गोळी आतपर्यंत जाईल याची काय खात्री? .30-06 ला खात्री आहे. बोदवडकर भाऊ, तुमचं मत बरोबर. .315 घेऊन वाचवलेले पैसे जखमी जनावरामागे रात्रभर फिरण्यात जातील.

आणि गंमत बघा. वरणगावला आपल्या उशाशी काडतुसांचा कारखाना, पण तिथं निघतं सैन्याचं 5.56 आणि 7.62. ती आपल्यासाठी नाहीत. .303 सुद्धा बंदी बोअर, सामान्य माणसाला मना. म्हणजे शेतकऱ्याला सरकार दोनच चिठ्ठ्या दाखवतं, एक उचल.

वकीलसाहेब, धुळे
लायसनचं थोडं. शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी म्हणून जी सोपी वाट आहे ती ठासणीच्या बंदुकीची. रायफलसाठी कारण वेगळं आणि सबळ द्यावं लागेल. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं, म्हणजे दुनाळी आणि रायफल झाली की कोटा संपला. निवडणूक लागली की दोन्ही ठाण्यात जमा करायला सांगू शकतात, मग हरभरा घाट्यावर असो की खळ्यावर. परवान्यानं मारलेला रोहीदेखील सरकारचा. मांस, कातडी, शिंग काही उचलायचं नाही, पंचनामा होऊन वनखातं विल्हेवाट लावेल. मेजवानीची स्वप्नं पाहणाऱ्या पोरांना हेही सांगा.

सातपुड्याची वाट
इथे सगळे बोअर मोजतायत, रोही कुणीच मोजत नाही. सात जनावरं मारली की आठवं येत नाही का? बिहारमध्ये 2016 च्या जूनमध्ये मोकामाला बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेहून जास्त रोही मारले. दिल्लीत मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे दोन मंत्री उघड भांडले. पुढं काय? तिथला शेतकरी आजही रोह्यांच्याच नावानं बोटं मोडतो. मादी बऱ्याचदा जुळी देते. वाघ-बिबट्या सातपुड्याच्या पायथ्याला मागे सरकला, गायरानं नांगरली, नाल्याकाठची बाभळीची बनं तोडली. मग ते जनावर राहणार कुठं? तुमच्याच कपाशीत.

आणि नाव नीलगाय असलं तरी रोही म्हणजे गाय नाही. त्याचं जवळचं नातं चौसिंग्याशी, जो यावलच्या जंगलात मुश्किलीनं दिसतो. एका भावाला शोधायला आपण कॅमेरे लावतो, दुसऱ्याला गोळी शोधतो.

रावेरचा केळीवाला
ताई का दादा माहीत नाही, पण चौसिंगा येऊन माझी केळीची रोपं मुळासकट उपटत नाही. कॅमेरे मलाही परवडतात. नुकसान परवडत नाही.

चोपड्याची लेक
मी तर ताईच आहे, म्हणून बोलते. आमच्याकडे गेल्या साली शेजाऱ्यानं डुकरांसाठी तारेत सरळ करंट सोडला. त्यांचाच सालदार पहाटे बारे (पिकाला पाणी) द्यायला गेला आणि चिकटला. दोन लेकरं मागे. त्यामुळे बंदूक वाईट असं मी म्हणणार नाही, निदान ती माणसाच्या हातात असते आणि तो बघून चाप ओढतो. पण बोदवडकर दादा, तुमच्या शिवारात शेतीची लाईट रात्रीची असते का दिवसाची? एवढंच सांगा.

बोदवडकर
आठवड्याला बदलते ताई. सध्या रात्रीची. का?

चोपड्याची लेक
मग रोही येतात तेव्हा माणसं पण रानातच असतात ना.

निवृत्त सुभेदार
पोरगी बरोबर ठिकाणी आली. .30-06 ची गोळी अडली नाही तर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. आमच्या फायरिंग रेंजला मागे मातीचा डोंगर असतो, तापीकाठच्या सपाट रानात काय असतं? माळ्यावरून (मचाणावरून), वरून खाली मारा, म्हणजे चुकली तरी गोळी जमिनीत जाते. उभ्यानं, बांधावरून, बॅटरीच्या उजेडात मारणार असाल तर .315 असो नाहीतर .30-06, मी तुमच्या बाजूचा नाही. अशा ठिकाणी दुनाळीत एकच मोठी गोळी घालून तीस-पस्तीस मीटरवर थांबलेलं जनावर, हा माझा पर्याय. ती लवकर दम सोडते.

रावेरचा केळीवाला
म्हणजे साहेब, आधी तर दुनाळी नको म्हणालात!

निवृत्त सुभेदार
एलजी नको म्हणालो. छर्रे वेगळे, एकेरी गोळी वेगळी. वाचा नीट.

सातपुड्याची वाट
पस्तीस मीटरपर्यंत रोही तुमची वाट बघत उभा राहतो होय? त्याचं नाक तुमच्या बिडीच्या वासावर आहे.

निवृत्त सुभेदार
बिडी 1998 ला सोडली.

बोदवडकर
दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. काल रात्री दुनाळी घरीच ठेवली आणि नुसताच माळ्यावर जाऊन बसलो. आमचे आबा म्हणाले, “आधी दखी ले, मंग मार.” वारा मक्याकडून माझ्याकडे होता. एकच्या सुमारास मका हलला. आधी दोन माद्या, मग तो मोठा नर. चाळीस पावलांवर येऊन उभा राहिला, कान पुढं, गळ्याचा पांढरा डाग चांदण्यात स्पष्ट. हरभऱ्याचे घाटे तोडताना होणारा करकर आवाजसुद्धा ऐकू येत होता. सुभेदार साहेब म्हणतात तो खांद्यामागचा भाग ओंजळीएवढा, अगदी समोर.

मग मी त्याच्या मागं काय आहे ते बघितलं. नाल्यापलीकडे एक बॅटरी, तिच्या उजवीकडे दोन, महादू तात्यांच्या विहिरीवर एक, पार लांब रस्त्याकडे आणखी. अकरा मोजल्या. एक बॅटरी हलता हलता नेमकी त्या नराच्या पाठीच्या रेषेवर येऊन थांबली. कुणीतरी खाली वाकून बारं फोडत असणार. तेवढ्यात वारा फिरला, नरानं फुरफुर केलं आणि तिघं मक्यात शिरले.

आज माळा उत्तरेच्या बांधावरून उचलून दक्षिणेच्या बांधावर नेला. तिथून तोंड पडक्या बंधाऱ्याच्या भरावाकडे होतं, मागे दोन पुरुष उंच माती आहे. वनखात्याचा माणूस मंगळवारी जागा बघायला येतोय.

रावेरचा केळीवाला
आणि .30-06 चा अर्ज?

बोदवडकर
लिहून ठेवलाय, दिला नाही. सुभेदार साहेब, त्या एकेरी गोळीची काडतुसं दुकानदार कोणत्या नावानं देतो, ते तेवढं कळवा.