शेजारच्या झाडाची फांदी आपल्या गच्चीवर आली, तर तोडायचा हक्क हवा का?

गच्चीवाला: कुंपणापलीकडे जुना आंबा आहे, त्याचा निम्मा पसारा आमच्या गच्चीवर. पाल्यानं पन्हळी तुंबतात, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. शेजारी म्हणतात, वडिलांनी लावलेलं झाड आहे, हात लावायचा नाही. माझं मत स्पष्ट आहे. माझ्या हद्दीत आलेली फांदी मी तोडणार, त्यासाठी कुणाची मनधरणी का करायची?

रानवाट: साफ असहमत. आपल्या शहरांना १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड कापणं, जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात ‘तोडणं’च धरलंय. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेजचा दर्जाही दिला. शिवाय एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्या की झाडाचा तोल जातो आणि वादळात ते दुसऱ्याच कुणाच्या घरावर पडतं.

दिवाणी_दावा: तत्त्व गच्चीवाल्यांच्या बाजूचं आहे. ‘लेमन विरुद्ध वेब’ खटल्यात १८९४ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, सांगितलं की शेजाऱ्याच्या जमिनीत पाय न ठेवता हद्दीत आलेली फांदी तोडता येते, नोटिशीचीही गरज नाही. फांदी कितीही वर्षं लोंबत असली तरी झाडाच्या मालकाला ती तशीच ठेवण्याचा हक्क मिळत नाही. मात्र तोडलेली फांदी आणि तिच्यावरचे आंबे त्याचेच! पण इथे राज्याचा कायदा आडवा येतो, म्हणून आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे छाटणीचा अर्ज करा. फोटो जोडा, पोच घ्या. शेजाऱ्यांना लेखी कळवा. तरी हटले नाहीत तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो.

गच्चीवाला: अर्ज टेबलावर पडून राहतो, पाऊस थांबतो का? उद्या फांदी डोक्यात पडली तर जबाबदार कोण?

दिवाणी_दावा: झाड खरंच पडायच्या बेतात असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम १५२ आहे. कार्यकारी दंडाधिकारी मालकाला ते काढायचा किंवा टेकू द्यायचा आदेश देऊ शकतात.

रानवाट: हेच म्हणतेय. धोका असेल तर दंडाधिकारी आहेत. पाला पडतो, ओल येते एवढ्यासाठी मोठ्या झाडावर करवत चालवू नका. पन्हळीला जाळी बसवा. उन्हाळ्यात त्याच फांदीमुळे तुमची गच्ची तापत नाही, तेही मोजा.

गच्चीवाला: जाळी बसवतो, पण खर्च शेजाऱ्यांनी द्यावा. झाड त्यांचं, आंबे त्यांचे, मग ओल तेवढी माझी का?