लग्नाआधी पोटाची चरबी काढण्याविषयी: घरातल्या समजुती कितपत खऱ्या?

अंत्रुजवासी (फोंडा)
माझ्या थोरल्या भावाची मुलगी चोवीस वर्षांची आहे आणि तिचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. गणेशचवथीला सगळे घरी जमलो असताना तिने लायपोसक्शन (चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया) करून घेण्याची इच्छा बोलून दाखवली. तिच्या मते ही अगदी सोपी गोष्ट असून तिचा व्रण राहत नाही, आठवड्याभरात माणूस मोकळा होतो आणि वजनही कायमचे उतरते. भावाच्या मते हे सिनेमावाल्यांचे चोचले आहेत, तर वहिनींना वाटते की खर्च विम्यातून निघेल. मला भाचीला आडवे जायचे नाही, पण तिने पुरती माहिती घेऊन निर्णय करावा असे मनापासून वाटते. जाणकारांनी कृपया लिहावे.

निवृत्त परिचारिका (ताळगाव)
ताई, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात अनेक वर्षे काढल्यामुळे लिहिते आहे. लायपोसक्शन हा वजन उतरवण्याचा उपाय नव्हे, हे भाचीला सर्वांत आधी सांगा. काही मिलिमीटरचे छेद घेऊन त्वचेखाली सलाईन, बधिर करणारे लिग्नोकेन आणि रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे अ‍ॅड्रेनलिन यांचे मिश्रण सोडतात आणि मग पोकळ नळीने चरबी ओढून घेतात. एका वेळी पाच लिटरपेक्षा अधिक काढणे जोखमीचे मानले जाते, आणि त्या पाच लिटरांतही नुसती चरबी नसते, सोडलेले द्रवही असते. शिवाय निघते ती त्वचेखालची चरबी. आतड्यांभोवतीची, मधुमेहाशी जिचा संबंध जोडला जातो ती, जागच्या जागी राहते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची बरीच चरबी काढूनही शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नव्हता. काढलेल्या पेशी परत येत नाहीत हे खरे, पण खाणे-पिणे आवरले नाही तर उरलेल्या पेशी फुगतात, आणि त्वचा सैल असेल तर ती लोंबते.

आठवड्यात मोकळे होण्याचे म्हणाल, तर चवथीपासून मार्गशीर्षापर्यंत हातात जेमतेम तीन महिने आहेत. पहिल्या एक-दोन दिवसांत छेदांतून गुलाबी पाणी इतके पाझरते की अंथरुणावरची चादर भिजते, पोट काळेनिळे पडते आणि घट्ट दाबपट्टा कित्येक आठवडे घालावा लागतो. पाटावर बसलेली वधू पट्टा सावरते आहे, हे कुणालाच आवडणार नाही. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात.

व्रणाचेही तसेच आहे. छेद त्वचेच्या आतल्या थरापर्यंत गेला की व्रण राहतोच. कुशल सर्जन तो त्वचेच्या घडीत किंवा कपड्याखाली लपेल अशा जागी घेतो, इतकेच. तो पूर्ण भरून फिका पडायला वर्षभर लागू शकते, आणि आपल्या किनारपट्टीच्या उन्हात नवा व्रण उघडा राहिला तर काळवंडतो.

डिचोलीकर
लायपोसक्शन हा प्लास्टिक सर्जरीचाच भाग आहे, म्हणून तुमच्या बंधूंच्या 'चोचले' या शब्दाविषयी थोडे लिहावेसे वाटते. माझा मुलगा लहान असताना त्याच्या मानेवर उकळते तेल सांडले. जखम भरली, पण कातडी आखडून हनुवटी छातीकडे ओढली गेली, आणि प्लास्टिक सर्जनने मांडीची त्वचा लावून मान मोकळी केली तेव्हा कुठे तो वर पाहू लागला. दुभंगलेला ओठ सांधणारे हात हेच. ही विद्या परदेशातून आलेलीही नाही; नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवल्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती. सौंदर्यासाठी करावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण या शास्त्राला चोचले म्हणणे अन्यायाचे आहे.

पेडणेकर
विम्याची आशा वहिनींनी सोडावी. आरोग्य विम्याच्या पॉलिसींत केवळ रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र अशी वगळलेली नसते. डॉक्टर निवडताना प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) पदवी आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणी स्वतः पडताळावी. भूलतज्ज्ञ कोण आहे आणि रात्री अडचण आली तर रुग्णाला कुठे हलवणार, हेही स्पष्ट विचारावे. या प्रश्नांना जिथे टाळाटाळ होते, तिथून सरळ परत यावे.

अंत्रुजवासी (फोंडा)
सर्वांचे आभार. तीन महिन्यांचा हिशेब वाचून भाचीने लग्नापूर्वीचा विचार सोडला आहे आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखवून घ्यायला ती तयार झाली आहे. लग्नानंतर, मूल होण्याआधी केले तर चालेल का?

निवृत्त परिचारिका (ताळगाव)
करता येते, त्यामुळे गर्भधारणेला बाध येत नाही. पण गरोदरपणात वजन वाढते, पोटाची त्वचा आणि स्नायू ताणले जातात आणि मिळवलेला आकार टिकेलच असे नाही, म्हणून पुष्कळ सर्जन बाळंतपणे आटोपून वजन स्थिरावेपर्यंत थांबायला सांगतात. दोन-तीन वर्षांत मूल हवे असेल, तर तिने हे तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आपणहून सांगावे.