शब्दचर्चा: अरबी संगीताच्या नोंदी मराठीत लिहिताना

प्रश्न

इजिप्त, इराक आणि बहारीनमधलं पारंपरिक संगीत गावोगावी जाऊन कसं गोळा केलं गेलं, यावर एक मोठा लेख लिहितेय. शब्दांपाशी अडले आहे. ‘फील्डवर्क’ला ‘क्षेत्रकार्य’ म्हणावं का? रबाब वाजवत रात्ररात्र कथा गाणाऱ्याला ‘लोकगायक’ म्हटलेलं चालेल का? आणि अरबी संगीतातल्या ‘मकाम’ऐवजी सरळ ‘राग’ लिहून टाकावं का? वाचक संगीतातले जाणकार नाहीत.

उत्तर

‘क्षेत्रकार्य’ विद्यापीठात चालतं, लेखात ते जड जातं. अरबी अभ्यासक या कामाला ‘अल-जमअ अल-मैदानी’ म्हणतात. यातला ‘जमा’ आपला रोजचा आणि ‘मैदान’ही आपलं. तरीही ‘मैदानी जमा’ असं लिहू नका. मराठीत ‘मैदानी’ म्हटलं की खो-खो आणि कबड्डी डोळ्यांपुढे येतात, आणि ‘जमा’ म्हटलं की खर्च. ‘गावोगाव फिरून केलेलं संकलन’ असं साधं लिहा, पुढे नुसतं ‘संकलन’ पुरे. ‘तुरास’साठी मात्र डोळे मिटून ‘वारसा’ लिहा. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आलेले आहेत आणि अर्थही फारसा हललेला नाही.

एका शब्दापासून जपून राहा. ज्याच्याकडून माहिती घेतली त्या माणसाला अरबी अभ्यासक ‘इख्बारी’ म्हणतात. मूळ शब्द ‘खबर’. त्याचा मराठी भाऊबंद ‘खबऱ्या’, आणि तो पोलिसांचा माणूस झाला. अरबीतही ‘मुख्बिर’ म्हटलं की तीच शंका येते. परगावचा माणूस टेपरेकॉर्डर घेऊन येतो, नाव-गाव, बापाचं नाव विचारतो, ते लिहून घेतो, तेव्हा गावाला काय वाटत असेल याचा अंदाज या एका शब्दावरून येतो. म्हणून ‘माहितीदार’सुद्धा नको. तो शाइर, म्हणजे कथा गाणारा, असेल तर शाइर म्हणा; नह्हाम, म्हणजे मोत्यांच्या गलबतावर गाणारा, असेल तर नह्हाम म्हणा. त्याच्या गावात त्याला ज्या नावाने हाक मारतात ते नाव टिपणं हा संकलनाचाच भाग आहे. नाव बदललं की अर्धी नोंद गेली.

आता ‘लोकगायक’. इथे थोडं थांबतो, कारण मराठीकडे या माणसासाठी आधीच एक शब्द आहे आणि तो मूळ अरबीच आहे.

इजिप्तमध्ये बनी हिलाल या टोळीची कथा गाणाऱ्याला ‘शाइर’ म्हणतात. आपला ‘शाहीर’ त्याच शब्दाचं मराठी रूप. ही टोळी अरबस्तानातून निघून इजिप्तमार्गे अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेत घुसली. त्या स्थलांतराची, लढायांची आणि अबू झैद या नायकाची कथा म्हणजे ‘सीरा हिलालिया’. युनेस्कोने 2003 मध्ये तिचा गौरव केला आणि 2008 मध्ये ती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. नाईलच्या खोऱ्यातला शाइर रबाबावर गातो. रबाब म्हणजे गजाने वाजवायचं दोन तारांचं वाद्य, त्याला ‘शाइराचा रबाब’ असंच नाव आहे. सुरुवात पैगंबरांच्या स्तुतीने होते, मग कथा उलगडते. आपला शाहीरसुद्धा आधी नमन करतो आणि मग पोवाड्याला हात घालतो.

अमेरिकेचे अभ्यासक ड्वाइट रेनल्ड्स 1980 च्या दशकात नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या अल-बकातूश या खेड्यात राहिले. ते ‘शाइरांचं गाव’ म्हणूनच ओळखलं जातं, कारण तिथल्या काही घराण्यांत ही कथा पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे आली. अशा ठिकाणी ‘लोकगायक’ लिहिलं की या लोकांचं घराणं, शिक्षण आणि धंदा सगळं पुसलं जातं. गाव त्यांना नुसतं ‘गाणारा’ समजत नाही. कथेतला एखादा प्रसंग वगळला तर ऐकणारा मध्येच टोकतो, कारण कथा त्यालाही ठाऊक असते.

दुसरं नाव अब्दुल रहमान अल-अबनूदी यांचं. ते दक्षिण इजिप्तमधल्या किना प्रांतातले. बोलीभाषेत लिहिणारे नामवंत कवी, 2015 मध्ये वारले. त्यांनी वर्षानुवर्षं हिलालियाचं संकलन केलं आणि सोहाग भागातल्या जाबिर अबू हुसैन यांचं गाणं इजिप्तच्या रेडिओवर लोकांपर्यंत पोहोचवलं. आता पाहा, अल-अबनूदी हेही ‘शाइर’ आणि जाबिर हेही ‘शाइर’. ध्वनिमुद्रण यंत्राच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसांना अरबीत एकच शब्द आहे. मराठीत ‘कवी’ आणि ‘लोकगायक’ असं लिहिलंत, तर एकाला वरचं पान आणि दुसऱ्याला खालचं असं होईल, आणि अल-अबनूदींनी जन्मभर याच्याच विरुद्ध काम केलं. माझं स्पष्ट मत: जाबिर यांना शाहीर लिहा. पहिल्यांदा ‘शाहीर, म्हणजे तिथला शाइर’ असं एकदा सांगून टाका. डफ-तुणतुण्याच्या जागी रबाब आहे हे वाचकाला लगेच कळेल.

आणखी एक उत्तर

वरच्या उत्तरात बहारीन राहिलं, ते मी घेतो. आमचं घर कोकण किनाऱ्यावरचं, त्यामुळे हे शब्द कानावरचे.

आखातात पूर्वी मोती काढणाऱ्या गलबतांवर गाणाऱ्याला ‘नह्हाम’ म्हणत. तो पगारी माणूस. शीड वर चढवताना, वल्ही मारताना, नांगर ओढताना त्याने गायचं आणि बाकीच्यांनी खालच्या पट्टीत घुमायचं. हे घुमणं इतकं खोल असतं की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाद्यच वाटतं. या गाण्यांचा किनाऱ्यावरचा मोठा प्रकार म्हणजे ‘फिज्री’. बहारीनमधल्या मुहर्रकसारख्या गावांत त्यासाठी ‘दार’ असतात. दार म्हणजे घर, जिथे मोती काढणारे हंगाम नसताना जमत. साथीला ‘मिरवास’ हा लहान ढोल, टाळ, टाळ्या आणि ‘जहला’ म्हणजे मातीचा घडा. पाण्याचाच घडा, दोन्ही हातांनी वाजवायचा. फिज्री 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. त्याआधी 2012 मध्ये मुहर्रकचा मोती-व्यवसायाचा जुना परिसर जागतिक वारसास्थळ झाला. डेन्मार्कचे संगीत-अभ्यासक पॉल रॉवसिंग ओल्सेन 1950 च्या दशकाच्या शेवटापासून बहारीनला जाऊन हे संगीत मुद्रित करत होते.

गलबताचा कप्तान ‘नुखिदा’. आमच्याकडे नाखवा. खलाशांवर देखरेख ठेवणारा ‘मुजद्दमी’. हा शब्द ऐकून बिचकू नका, आखाती बोलीत ‘क’चा ‘ज’ होतो, मूळ शब्द ‘मुकद्दम’, म्हणजे आपला मुकादम. हंगामाआधी बुडी मारणाऱ्याला उचल द्यायची, ती फिटायची नाही, आणि बापाचं कर्ज मुलाच्या अंगावर यायचं. ऊसतोडीचा मुकादम आणि उचल ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. लेखात ‘मुकादम’ लिहा. ‘नह्हाम’ मात्र तसाच ठेवा, कारण मराठीत त्याचा जोडीदार नाही. मूळ धातूचा अर्थ कण्हणं, गुरगुरणं असा आहे. ‘खलाशी-गायक’ लिहिलंत तर वाचकाला गोड गळ्याचा कोणीतरी वाटेल.

मुंबईचा उल्लेख टाळू नका. आखाताचे मोती मोठ्या प्रमाणात मुंबईच्या बाजारात यायचे, आणि माणसंही. कुवेतचे कवी-संगीतकार अब्दुल्ला अल-फरज (1836–1901) मुंबईत राहिले होते. आखाती ‘सौत’ या गानप्रकाराशी त्यांचं नाव घट्ट जोडलेलं आहे. सौत म्हणजे नुसता ‘आवाज’.

प्रश्नकर्ती

शाहीर आणि मुकादम घेतले. ‘मकाम’चं अजून अडलंय. आणि इराकी गायकाला तिकडे ‘कारी’ म्हणजे वाचणारा म्हणतात असं दिसतंय. ते मराठीत विचित्र होतं.

उत्तर

विचित्र होत नाही, उलट मराठीतच ते छान बसतं. बगदादचा माणूस मकाम ‘गातो’ असं म्हणत नाही, ‘वाचतो’ म्हणतो. आपण ओवी म्हणतो, अभंग म्हणतो, आरती म्हणतो. ‘आरती गायली’ असं क्वचितच कोणी बोलतं. तेव्हा ‘मकाम म्हणणारा’ असं लिहा. कुराणाच्या बाबतीत हाच भेद जास्त जपा: तिथे पठण लिहा, गाणं हा शब्द चुकूनही नको. स्वर तेच असले तरी कुठलाही अरब जाणकार त्याला संगीत म्हणणार नाही, आणि जे लोक आपल्या गोष्टीला संगीत म्हणत नाहीत त्यांच्यावर तो शब्द लादू नये.

‘मकाम’ला ‘राग’ म्हणू नका. कैरो, दमास्कस इथे मकाम म्हणजे स्वरांची चौकट. ती चार-पाच स्वरांच्या तुकड्यांची बनते. एकेका तुकड्याला ‘जिन्स’ म्हणतात (आपला ‘जिन्नस’ तिथूनच आला). बगदादमध्ये ‘मकाम’ म्हणजे ठरलेल्या क्रमाने म्हणायची अख्खी रचना: ‘तहरीर’ने उघडायची, ‘तस्लीम’ने मिटवायची आणि शेवटी एक हलकं गाणं जोडायचं. इराकी मकाममध्ये साथीला संतूर आणि जोझा (गजाने वाजवायचं वाद्य) असतात. हे वाजवणारे बहुतेक ज्यू होते, आणि 1950–51 मध्ये इराकमधले बहुतेक ज्यू देश सोडून गेले तेव्हा त्यांच्याबरोबर वादकही गेले. एकाच नावाचे दोन अर्थ असताना ‘राग’ लिहिलंत तर दोन्ही हातचे जातील. शिवाय मराठी वाचक रागाबरोबर प्रहर शोधू लागेल.

मूळ अर्थ मात्र वाचकाला नक्की सांगा. मकाम म्हणजे उभं राहण्याची, थांबण्याची जागा, म्हणजेच आपला ‘मुक्काम’. ‘सीकाह’ या मकामाचं नावही फारसी ‘से-गाह’, तिसरी जागा. म्हणणारा एका स्वरावर मुक्काम करतो, तिथे रमतो, मग पुढच्या स्वराकडे निघतो. हे वाक्य लिहिल्यावर मकाम समजावायला तुम्हाला वेगळा परिच्छेद लागणार नाही.

1932 मध्ये इजिप्तचा राजा फुआदच्या आश्रयाने कैरोला अरबी संगीताची परिषद भरली. बेला बार्टोक, पॉल हिंडेमिथ असे युरोपीय संगीतकार पाहुणे होते. बार्टोक त्याआधी 1913 मध्ये अल्जीरियातल्या बिस्क्रा भागात फोनोग्राफ घेऊन फिरलेले. परिषदेत स्वरसप्तकाचे 24 समान भाग करावेत का यावर जोरात वाद झाला, आणि एकमत झालं नाही. मोठा ठेवा राहिला तो वेगळाच: जर्मन संगीत-अभ्यासक रॉबर्ट लाखमान यांच्या देखरेखीखाली झालेलं ध्वनिमुद्रण. इराकचे मकाम म्हणणारे मुहम्मद अल-कुब्बांजी आपल्या वादकांसह आले होते, मोरोक्को, ट्युनिशियाचे चमू आले होते. नावं ठरवायला बसलेल्या विद्वानांपेक्षा त्या तबकड्या आज जास्त कामाला येतात.

प्रश्नकर्ती

शेवटचं. मोरोक्कोमध्ये ‘नौबा’ आणि इजिप्तमध्ये ‘तबला’ दिसतोय. हे शब्द आहेत तसे ठेवू?

उत्तर

‘नौबा’ म्हणजे पाळी, आळीपाळीने वाजवण्यातून आलेलं नाव, आणि आपली ‘नौबत’ तीच. पण तिकडे ती तासन्‌तास चालणारी रचनांची माळ आहे, नगारा नव्हे, म्हणून ‘नौबा’च ठेवा. इजिप्तचा ‘तबला’ तसाच ठेवलात तर वाचक बायाँ-दायाँ शोधेल. तिथे एका तोंडाचा, पेल्याच्या आकाराचा, काखेत धरून वाजवायचा ढोल असतो. ‘दरबुका’ लिहा आणि एकदाच सांगा की इजिप्तमध्ये त्याला तबला म्हणतात. ‘ऊद’ या वाद्याच्या बाबतीतही एक ओळ हवी: मूळ अर्थ लाकूड, धुपाचा ऊदही तोच. नाहीतर ‘ऊद वाजवला’ वाचून कोणालाही धूपच आठवेल.