थर्मोकार्स्ट तलावांतला मिथेन पाण्यातच का संपत नाही?

उत्तरवाट:
पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेली जमीन, वितळून सायबेरिया, अलास्का आणि उत्तर कॅनडात तयार होणाऱ्या थर्मोकार्स्ट तलावांविषयी सध्या वाचत आहे. जमिनीतला बर्फ वितळतो, माती खचते, खळग्यात पाणी साचते आणि तेच पाणी आजूबाजूची जमीन आणखी वितळवत जाते, इथपर्यंत समजले. माझी अडचण पुढची आहे. तळाच्या गाळात मिथेन तयार होतो हे मान्य. पण मिथेनवर जगणारे जिवाणूही पाण्यात असतातच, मग तो वाटेतच का संपत नाही? शिवाय वर्षातला बराच काळ ज्या तलावावर बर्फ असतो, त्याच्या तळाशी सूक्ष्मजीवांना पुरेशी ऊब कुठून मिळते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गाळवाचक:
आधी उबेविषयी. हिवाळ्यात या तलावांवर साधारण दीड ते दोन मीटर जाडीचा बर्फ धरतो. तलाव त्याहून खोल असेल तर तळाचे पाणी गोठत नाही, आणि ४ अंशांच्या आसपासचे पाणी सर्वांत जड असल्यामुळे बर्फाखाली तुलनेने उबदार पाणी तळालाच राहते. त्यामुळे तलावाखालची जमीन बाराही महिने वितळलेली राहते. या वितळलेल्या भागाला टालिक म्हणतात. तो शतकानुशतके खाली वाढत जातो आणि हजारो वर्षे गोठून राहिलेले वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष सूक्ष्मजीवांच्या हाती येतात. तिथला ऑक्सिजन लवकर संपतो, गोड्या पाण्यात सल्फेटही फारसे नसते, त्यामुळे विघटनाची शेवटची पायरी आर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांकडे येते. ते ॲसिटेट फोडून किंवा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचा संयोग घडवून मिथेन तयार करतात.

आता मुख्य प्रश्न. पाण्यात विरघळलेल्या मिथेनपुरती आपली शंका रास्त आहे, कारण त्यातला मोठा वाटा जिवाणू खरोखरच फस्त करतात. मात्र मिथेन पाण्यात फार कमी विरघळतो आणि उथळ तलावात दाबही कमी असतो, म्हणून गाळातच त्याचे बुडबुडे धरतात आणि सुटले की काही सेकंदांत पृष्ठभागावर येतात. एवढ्या वेळात जिवाणूंच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. केटी वॉल्टर (आताच्या केटी वॉल्टर अँथनी) आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उत्तर सायबेरियातल्या तलावांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ९५ टक्के मिथेन बुडबुड्यांवाटेच बाहेर पडत असल्याचे दिसले. ज्या जागी बुडबुडे सर्वाधिक जोराने येत होते तिथल्या मिथेनचे रेडिओकार्बन वय ३५ ते ४३ हजार वर्षे भरले. कोवळ्या, पारदर्शक बर्फात हे उघड दिसते: वर येताना अडकलेल्या बुडबुड्यांच्या पांढऱ्या चकत्या एकावर एक रचल्यासारख्या असतात, आणि जिथे झोत फार जोराचा असतो तिथे भर हिवाळ्यातही बर्फाला भोक राहते.

नीलमृदा:
वरील विवेचन येदोमा प्रदेशाला, म्हणजे हिमयुगातल्या बर्फाने गच्च भरलेल्या गाळाच्या जमिनीला, अचूक लागू पडते. पण सगळे तलाव तसे नसतात, हे आवर्जून सांगावेसे वाटते. हडसन उपसागराच्या पूर्वेला क्वेबेकच्या उत्तर भागात अवघी एक ते तीन मीटर खोल तळी आहेत. शेजारशेजारच्या तळ्यांतही एकाचे पाणी गडद तपकिरी, तर दुसऱ्याचे गढूळ पिवळसर असते. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि तरंगती चिकणमाती यांच्या प्रमाणावर ते ठरते. तपकिरी पाणी सूर्यप्रकाश वरच्या वरच शोषते, त्यामुळे इतक्या उथळ पाण्यातही उबदार आणि थंड असे दोन थर पडतात आणि उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन संपतो. तिथे विरघळलेला मिथेन साठत राहतो, आणि जिथे त्याची ऑक्सिजनशी गाठ पडते तिथे मिथेनभक्षी जिवाणूंची गर्दी होते. त्यांना खाणाऱ्या प्राणिप्लवकांमार्फत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांमार्फत, हा कार्बन अन्नसाखळीतही शिरू शकतो. म्हणजे आपण म्हणता ती गाळणी तिथे जोमाने काम करते. शरद ऋतूत थर मोडून पाणी वरखाली होते, तेव्हा मात्र साठलेल्या मिथेनचा काही भाग निसटतो.

उत्तरवाट:
दोघांचे मनापासून आभार. मग एक उपप्रश्न: असा तलाव कायमच मिथेन सोडत राहतो का?

गाळवाचक:
नाही. काठ खचत असेपर्यंत ताजा माल तळाशी पडत राहतो, म्हणून बुडबुड्यांचा जोरही तिथेच असतो. पुढे काठ फुटून किंवा टालिक गोठलेल्या जमिनीच्या आरपार गेल्याने पाणी जमिनीत मुरून बरेच तलाव आटतात. उपग्रहचित्रांनुसार १९७३ ते १९९८ दरम्यान सायबेरियातल्या ४० हेक्टरांहून मोठ्या तलावांची संख्या १०,८८२ वरून ९,७१२ वर आली. रिकाम्या खोलगटात शेवाळ आणि लव्हाळी वाढतात, पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, साठते आणि जमीन पुन्हा गोठू शकते. सायबेरियातल्या याकुतियात अशा गवताळ खोलगटांना अलास म्हणतात आणि तिथे साखा लोक पिढ्यान् पिढ्या घोडे व गुरे चारत आले आहेत. वॉल्टर अँथनी यांच्याच २०१४ च्या अभ्यासानुसार, येदोमा प्रदेशातल्या या तलावांचा हवामानावरचा एकूण परिणाम सुमारे ५,००० वर्षांपूर्वी तापवण्याकडून थंडाव्याकडे वळला, कारण खोलगटांत पुरला जाणारा कार्बन वाढत गेला. मात्र हा साठा व्हायला सहस्रके लागतात, आणि नव्याने खचणाऱ्या काठावरचे बुडबुडे त्याच वर्षी हवेत पोहोचतात.