खेळातून कॉलेज : अभ्यासाची अट तुम्ही जवळून पाहिली आहे का?

माझी मुलगी यंदा नववीत गेली. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि ती सात वर्षांची असल्यापासून पोहते. परवा कोच म्हणाले, "पोहण्याची वेळ सुधारायला अजून अवधी आहे, पण मार्क आजपासून मोजले जाणार." खेळाच्या जोरावर कॉलेजात गेलेलं आमच्या दोघांच्याही घरात कोणी नाही, म्हणून बसून नियम वाचले. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात खेळायचं तर हायस्कूलचे १६ ठरावीक कोर्स आणि त्यांत किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) लागतो. त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी संपवायचे, आणि त्या दहांतले ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. या दहांचे मार्क नंतर पुन्हा बसून वाढवता येत नाहीत. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट २०२३ मध्ये काढून टाकली.

कागदावर एवढंच आहे. प्रत्यक्षात काय होतं ते खेळलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी, पालकांनी कृपया सविस्तर लिहा.

पीएच.डी. करताना वर्ग घेणारा, मिडवेस्ट

एका मोठ्या सरकारी विद्यापीठात तीन वर्षं मी संख्याशास्त्राचा पहिला कोर्स शिकवला. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात खेळाडू प्रवासाचं पत्र आणून द्यायचे, अमुक शुक्रवारी नाही, तमुक गुरुवारी नाही. मध्यावर क्रीडा विभागाचा फॉर्म यायचा, हजेरी किती आणि आत्ताचा ग्रेड काय. तेव्हा मला हे फार चांगलं वाटायचं.

मग अमेरिकन फुटबॉलचा एक मुलगा आला. पहाटे साडेपाचला व्यायाम करून थेट वर्गात यायचा आणि पहिल्या रांगेत बसायचा. त्याला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. मी दार लावून हळूच विचारलं, तर म्हणाला, "मी पास होत गेलो. थांबवून कोणी शिकवलंच नाही." आम्ही दर मंगळवारी तासभर बसायला लागलो. नोव्हेंबरपर्यंत तो स्वतःहून प्रश्न सोडवून आणायचा. अंतिम परीक्षेच्या आधी त्याच्या सल्लागाराचा मला फोन आला, "सी मिळाला की तो खेळू शकतो, तेवढं पुरे." माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे साठेक मुलं होती. पण त्या मुलाला बी मिळाला असता असं मला आजही वाटतं, कारण शेवटचा आठवडा त्याला सरावाला नेलं. किमान अट ठेवली ती मुलांचं भलं व्हावं म्हणून, आणि मोठ्या माणसांनी ती कमाल करून टाकली.

ट्यूटर, टेक्सास

मी २०१५ च्या सुमारास खेळाडूंना रसायनशास्त्र शिकवत होते. तेव्हाचा नियम असा होता की दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के अभ्यास पूर्ण हवा, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८०. हेतू चांगलाच, मुलं पदवीकडे सरकत राहावीत. पण माझ्याकडे व्हॉलीबॉलची एक मुलगी होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. लॅब दुपारी, सरावही दुपारी. शाखा बदलली तर आधीचे क्रेडिट नव्या पदवीत धरले जात नाहीत, टक्केवारी घसरते आणि खेळणं बंद होतं. तिने सरावाच्या वेळा सांभाळून जमेल ती पदवी घेतली, तीही वेळेत. विद्यापीठाच्या आकड्यांत ती यशस्वी. खेळ संपल्यावर तिने नर्सिंग पहिल्यापासून सुरू केलं, स्वतःच्या पैशाने. ताई, कोच भेटले की पहिला प्रश्न हाच विचारा, "हिला हवा तो विषय तुमच्या सरावाच्या वेळा सांभाळून घेता येतो का?"

राली, नॉर्थ कॅरोलायना

चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं प्रकरण आमच्या गावाशेजारचं. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार १८ वर्षांत ३,१०० हून जास्त विद्यार्थ्यांनी कधी न भरणारे वर्ग 'केले' आणि त्यात जवळपास निम्मे खेळाडू होते. एक निबंध दिला की झालं, आणि ग्रेड देणारी व्यक्ती प्राध्यापकही नव्हती. २०१७ मध्ये एनसीएएने यासाठी विद्यापीठाला शिक्षा केली नाही, कारण ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते. आपल्या मंडळाच्या गणपतीत तेव्हा कोणी म्हणालं, "खेळाडूंना अभ्यास नकोच असतो." मला ते सहन झालं नाही. अठरा वर्षांच्या मुलाला सल्लागाराने सांगितलं, हा वर्ग घे. त्याने घेतला. त्याला जे शिकायला मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, यात फसवलं गेलं कोण?

टेनिस, पुणे

भारतातून जाणाऱ्यांसाठी लिहितोय. दहावीनंतर स्पर्धांसाठी वेळ हवा म्हणून मी कॉमर्स घेतलं आणि अकरावीत गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं. बारावीला मार्क चांगले होते. डिव्हिजन १ च्या एका कोचचं बोलावणंही आलं. मग नववी ते बारावीच्या गुणपत्रिका मागितल्या आणि तिथे लक्षात आलं की गणित तीन वर्षं लागतं, माझं दोनच वर्षं होतं. शेवटी दोन वर्षांच्या कॉलेजात खेळलो, तिथून पुढे बदली घेतली. आईबाबांनी किती रात्री जागून काढल्या ते मी पाहिलंय. अकरावीचा फॉर्म भरताना गणित सोडू नका.

एक बाबा, बॉस्टन

मुलगा डिव्हिजन ३ मध्ये धावतो. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते. अकरावी संपल्यावर कोचने त्याचे मार्क प्रवेश कार्यालयाला आधीच दाखवून घेतले आणि मगच पुढचं बोलले. आम्हाला तो सरळपणा आवडला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एस.पी.चं वाचून लगेच भावाला फोन केला, त्याचा मुलगा यंदा दहावीत आहे. मिडवेस्टचे दादा, एक विचारू? त्या मुलाबरोबर पहिल्या मंगळवारी सुरुवात कुठून केलीत?

पीएच.डी. करताना वर्ग घेणारा, मिडवेस्ट

मैदानापासून. १०० यार्ड फळ्यावर आखले आणि विचारलं, पाव मैदान पळालास, मग अजून एक पंचमांश, आता कुठे आहेस? तो लगेच म्हणाला, पंचेचाळीसवर. मग म्हटलं, आता हेच अपूर्णांकात लिही. तिथे तो थांबला, आणि आम्ही तिथूनच सुरू केलं.