८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर फोरके एडिटिंग: कोणतं सॉफ्टवेअर?

शेतशिवार:
आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, यूएचडी ६२० ग्राफिक्स (वेगळं कार्ड नाही), १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. ठिबक सिंचनाचे दहा-बारा मिनिटांचे व्हिडिओ करतो. शूटिंग फोनवर, फोरके ३० फ्रेम्स. कापणं, जोडणं, मराठी शीर्षकं, एवढंच काम. डाविंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन अडखळते आणि मधेच 'जीपीयू मेमरी फुल' येतं. हलकं काही सुचवा. की एसएसडी टाकली की भागेल?

कोडेकपंत:
एसएसडी जरूर टाका, पण हे अडखळणं तिने जाणार नाही. फोनची फोरके फाइल सेकंदाला फार तर सहा-सात एमबी वाचावी लागते, तेवढं जुनी हार्ड डिस्कही सहज देते. जड आहे ते दाबून साठवलेलं चित्र उलगडणं (डीकोड करणं). ३८४० × २१६० ची एक फ्रेम उलगडली की साडेबारा एमबीच्या आसपास, म्हणजे ३० फ्रेम्सचे सेकंदाला पावणेचारशे एमबी. त्यात फोनच्या फाइलमध्ये बहुतेक फ्रेम्स पूर्ण नसतात, आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेला फरकच साठवलेला असतो. म्हणून मागे सरकवलं की आधीच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं पुन्हा उलगडावं लागतं.

तुमच्या चिपमध्ये एचईव्हीसी (फोनमध्ये फोरके व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) उलगडणारा भाग आहे, सॉफ्टवेअर तो वापरतंय का ते बघा. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, जीपीयू, त्यातला 'व्हिडिओ डीकोड' आलेख. क्लिप चालू असताना तो शून्यावर आणि सीपीयू शंभरावर असेल, तर सगळा भार प्रोसेसरवर पडतोय.

रिझॉल्व्ह किमान १६ जीबी रॅम मागतं आणि बरंचसं काम ग्राफिक्सवर टाकतं. तुमच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नाही, त्याच ८ जीबीतून घेतं. तो संदेश त्यामुळेच.

रेंडरराव:
शॉटकट घ्या. फुकट आहे, या कामाला पुरतं. क्रम मात्र चुकवू नका:

१. नवा प्रोजेक्ट उघडतानाच व्हिडिओ मोड १०८०पी ३० निवडा. 'ऑटोमॅटिक' ठेवलंत तर पहिल्या क्लिपप्रमाणे फोरके धरतं.
२. क्लिप आणण्याआधी सेटिंग्ज, प्रॉक्सी, 'यूज प्रॉक्सी' चालू करा. प्रॉक्सी म्हणजे एडिटिंगपुरती बनवलेली क्लिपची हलकी नक्कल. आधीच आणलेल्या क्लिपला प्रॉपर्टीजमधून प्रॉक्सी बनवावी लागते.
३. प्रिव्ह्यू स्केलिंग ५४०पी.
४. 'जॉब्स' यादीतली प्रॉक्सी बनवण्याची सगळी कामं संपेपर्यंत कापाकापी सुरू करू नका.

एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच होतो, प्रॉक्सीवरून नाही, त्यामुळे दर्जाची काळजी नको. एक्स्पोर्टमध्ये 'यूज हार्डवेअर एन्कोडर' लावलं तर वेळ वाचतो. तेवढ्याच बिटरेटला चित्र किंचित डावं येतं, यूट्यूबसाठी चालून जातं.

बाइटभाऊ:
रिझॉल्व्ह इतक्यात मोडीत काढू नका. रॅम १६ केली आणि प्रॉक्सी बनवल्या तर १०८०पी टाइमलाइन चालते.

कोडेकपंत:
साधी कापाकापी चालेल. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) किंवा फ्यूजन (रिझॉल्व्हमधले इफेक्ट्स) लावलं की पुन्हा तोच संदेश. रॅमबद्दल मात्र सहमत. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. १ ऑफ २ दिसलं तर दुसरी ८ जीबीची डीडीआर४ २४०० पट्टी बसवा. दोन पट्ट्या झाल्या की अंगभूत ग्राफिक्सलाही वेग मिळतो. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, आधी खात्री करा.

शेतशिवार:
१ ऑफ २ च आहे, पट्टी मागवतो. आणखी एक: क्लिपच्या शेवटी शेवटी आवाज आणि ओठ जुळत नाहीत. हेही रॅममुळे?

रेंडरराव:
नाही. फोन फ्रेमरेट कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे आवाज हळूहळू सरकतो. अशी क्लिप उघडली की शॉटकट स्वतःच 'एडिट-फ्रेंडली' रूपांतराला विचारतं, हो म्हणा. नाहीतर हँडब्रेक या फाइल रूपांतराच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ टॅबवर फ्रेमरेट ३० आणि 'कॉन्स्टंट' ठेवून फाइल काढा, मग टाइमलाइनवर आणा. शेवटचा व्हिडिओ १०८०पीच असेल तर शूटिंगही १०८०पीत करा, म्हणजे निम्मी डोकेदुखी फोनमध्येच संपते. फोनमधला एचडीआरही बंद ठेवा, नाहीतर रंग फिके दिसतात.

बाइटभाऊ:
शीर्षकांना युनिकोड फॉन्ट घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. डीटीपीवाल्यांचे जुने फॉन्ट नकोत, त्यात टाइप केलेला मजकूर फॉन्ट बदलला की अगम्य चिन्हं होतो. पुढे कधी अडोबीच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरकडे वळलात तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात.