मदत हवी आहे: जुनी जीटी-आर की ९११ टर्बो (९९७)?

ट्रॅकवर चालवण्यासाठी निसान जीटी-आर आर३५ (2007) आणि पोर्श ९११ टर्बो ९९७ (2006, मॅन्युअल) यांतली एक निवडायची आहे. ताकद दोघींची 480 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), त्यामुळे प्रश्न वेगाचा नाही, टिकाऊपणाचा आहे.

जीटी-आरचं 3.8 लिटर व्ही६ इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. मधल्या बेल हाउसिंगचं (इंजिनामागचं आवरण, ज्यातून गिअरबॉक्सकडे जाणारा शाफ्ट निघतो) बेअरिंग झिजलं की न्यूट्रलमध्ये खडखडतं. हा आवाज नुसता त्रासदायक, की शाफ्टलाही धोका? आणि ट्रॅकवर गिअरबॉक्सचं तेल किती तापमानाला बदलावंच लागतं?

पोर्शचं 3.6 लिटर इंजिन दणकट, पण कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये चिकटवलेले असतात. उष्णतेने चिकटण सुटतं, पाइप निसटतो, कूलंट थेट मागच्या टायरखाली. भर वळणावर हे घडणं फार घातक. इंजिन उतरवून पाइप वेल्ड करावेत की पिन ठोकून भागतं? पिननंतर पुन्हा गळती झाल्याचं कुणी पाहिलंय का?

जीटी-आर सुमारे दीडशे किलो जड, त्यामुळे ब्रेक पॅड किती लवकर संपतात, तेही कळवा. कृपया प्रत्यक्ष काम केलेल्यांनीच सांगा. खरेदीआधी नेमकं काय तपासावं?